दर्शन आणि विवेक : मुकुंदराज व बाराव्या शतकातील लॅटिन गूढचिंतन

भंडारा नगराच्या दक्षिणेस वैनगंगा व कन्हान यांच्या संगमाजवळ आंभोरा हे क्षेत्र आहे. आजच्या शासकीय विभागणीत ते नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात पडते आणि नदीचा पैलतीर तेवढा भंडारा जिल्ह्यात राहतो. परंतु श्रद्धेच्या भूगोलाला तालुक्यांच्या सीमा ठाऊक नसतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देवालय आहे, हरिनाथांची समाधी दाखविली जाते, आणि त्यांच्याच परंपरेतील मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथे रचिला असे वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ग्रंथाचा रचनाकाल परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानला जातो. तो ग्राह्य धरल्यास ‘ज्ञानेश्वरी’च्या शंभराहून अधिक वर्षे आधी मराठीत वेदान्ताचे शास्त्रशुद्ध प्रतिपादन झाले असे म्हणावे लागते. उपलब्ध पोथ्यांची भाषा मात्र इतकी जुनी दिसत नाही, आणि त्यामुळे कालदर्शक ओवीच्या प्रामाण्याविषयी संशोधकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. स्थलाविषयीही तसेच आहे. मराठवाड्यातील अंबाजोगाई मुकुंदराजांवर आपला हक्क सांगते. बैतूलजवळील खेरला येथेही त्यांची कथा रुजली आहे. या वादाचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मध्ययुगीन लॅटिन तत्त्वचिंतन आणि त्यातील साक्षात्कारी परंपरा यांच्या अध्ययनाला मराठी विद्यार्थ्याने कोठून आरंभ करावा, या प्रश्नाला या काठावर एक अनपेक्षित उत्तर मिळते. त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

मुकुंदराजांविषयीची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, जैत्रपाळ अथवा जैतपाळ नावाच्या राजाला ब्रह्म पाहण्याची उत्कंठा लागली होती. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड टाकण्यास जेवढा अवधी लागतो तेवढ्यात ब्रह्म दाखवा, असा त्याचा आग्रह असे, आणि जे साधू, बैरागी, पंडित ते दाखवू शकत नसत त्यांना तो बंदीत टाकून खोदकामाला जुंपीत असे. मुकुंदराज आले, त्यांनी राजाला तत्क्षणी समाधी लावून दिली आणि बंदिवानांची सुटका झाली. हा जैत्रपाळ म्हणजे देवगिरीचा यादव जैतुगी, की खेरल्याचा राजा, की आणखी कोणी मांडलिक, याचा निर्णय झालेला नाही. कथा म्हणून तिचा ऐतिहासिक अंश अल्पच असावा. तरीही तिच्यातील राजाची मागणी मोलाची आहे. त्याला ब्रह्माचे लक्षण नको, प्रमाण नको; त्याला ते पाहावयाचे आहे. आणि जे केवळ सांगू शकतात, दाखवू शकत नाहीत, ते त्याच्या लेखी अपराधी आहेत.

गंमत अशी की ज्या ग्रंथाच्या भोवती ही कथा उभी राहिली तो ग्रंथ राजाच्या मागणीची बाजू घेत नाही. ‘विवेकसिंधु’ हे नावच पुरेसे बोलके आहे. शंकराचार्यांच्या मताचा आधार घोषित करून ग्रंथकार पृथक्करणाच्या मार्गाने जातो. देह वेगळा, इंद्रिये वेगळी, मन वेगळे. जे दिसते ते दृश्य होय आणि पाहणारा कधीही दृश्याच्या कोटीत येत नाही. अशा रीतीने एकेक आवरण बाजूला सारीत तो महावाक्याच्या अर्थापर्यंत पोचतो. ब्रह्म ही दाखविण्याची वस्तू आहे ही कल्पनाच या विचारपद्धतीत टिकत नाही. म्हणून ग्रंथ रूक्ष ठरतो असे मात्र नव्हे. गुरुकृपा, योगाभ्यास आणि अनुभव यांना त्यात मानाचे स्थान आहे, आणि मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेचा आरंभ आदिनाथापासून सांगितला जातो. पण अनुभवाकडे जाण्याची वाट विवेकातून आहे. आख्यायिकेने ही वाट गाळून टाकिली व केवळ अखेरचा चमत्कार शिल्लक ठेविला. लोकस्मृती बहुधा असेच करते.

आता या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या शब्दाकडे वळले पाहिजे. ‘दर्शन’ या एकाच शब्दाने आपण षड्दर्शनांतील तर्कव्यवस्था सांगतो आणि त्याच शब्दाने पंढरीच्या रांगेतील वारकऱ्याचे पाहणेही सांगतो. संस्कृतातून आलेला हा द्व्यर्थ मराठी मनाला इतका अंगवळणी पडला आहे की, तत्त्वज्ञान आणि साक्षात्कार हे एकाच वस्तूचे दोन पैलू होत असे आपण न तपासता गृहीत धरतो. या गृहीतकासह मध्ययुगीन लॅटिन ग्रंथ हाती घेतले की घोटाळा सुरू होतो. हिल्डेगार्ड, रिचर्ड, एकहार्ट हे सगळे ‘गूढवादी’ या एका कप्प्यात पडतात, त्यांच्याशेजारी मुकुंदराज, चक्रधर, ज्ञानदेव बसविले जातात, आणि तुलना पूर्ण झाली असे समाधान मानले जाते. वास्तविक लॅटिन परंपरेने पाहण्याच्या प्रकारांत मोठ्या कसोशीने भेद केले होते, आणि तेथील अनेक शतकांचा खरा संघर्ष या भेदांभोवतीच घडलेला आहे.

या भेदांचा पाया ऑगस्टीनने घातला. बायबलातील उत्पत्तिग्रंथावरील आपल्या विस्तृत भाष्याच्या बाराव्या भागात त्याने ‘व्हिसिओ’चे, म्हणजे पाहण्याचे, तीन प्रकार केले: शरीराच्या डोळ्यांनी पाहणे, प्रतिमांच्या द्वारे अंतरात पाहणे, आणि प्रतिमेवाचून केवळ बुद्धीने पाहणे. यांपैकी तिसरा प्रकार श्रेष्ठ, कारण पहिल्या दोहोंत भ्रमाला अवकाश आहे. प्रतिमा दिसली तरी तिचा अर्थ लावणारी शक्ती निराळी असते. स्वप्न फारोहाने पाहिले, परंतु अर्थ योसेफाने सांगितला. ऑगस्टीनच्या दृष्टीने संदेष्टेपणाचा अधिक वाटा योसेफाकडे जातो. ही त्रिविध विभागणी मध्ययुगात सर्वमान्य झाली, आणि ज्याला काही दिसले त्याने ते कोणत्या प्रकारचे हे सांगावे अशी अपेक्षा निर्माण झाली.

बाराव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या काठी राहणारी हिल्डेगार्ड (१०९८–११७९) हिच्या लेखनात ही अपेक्षा पावलोपावली जाणवते. बेनेडिक्टी मठातील या स्त्रीने ११४१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आपल्याला दिसणारे लिहून काढण्यास प्रारंभ केला. ‘स्किविआस’ हा ग्रंथ पुरा होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. त्यात सव्वीस दृश्यांचे वर्णन व विवरण आहे. त्या दृश्यांत लोखंडी रंगाचा पर्वत आहे, अंड्याच्या आकाराचे विश्व आहे, अंगभर डोळे असलेली आकृती आहे. आपण हे झोपेत, उन्मादात वा बाह्य इंद्रियांनी पाहत नाही, जागृतावस्थेत, उघड्या डोळ्यांनी वावरत असताना अंतरात पाहतो, असे ती आग्रहाने सांगते. आयुष्याच्या अखेरीस, ११७५ मध्ये, गांब्लू येथील गिबेर या साधूने तिला पाहण्याच्या रीतीविषयी प्रश्न विचारले. तिच्या उत्तरात एक सूक्ष्म भेद आहे. जो प्रकाश तिला नित्य दिसतो त्याला ती जिवंत प्रकाशाची छाया म्हणते. तो जिवंत प्रकाश स्वतः क्वचित प्रसंगीच दिसतो आणि त्याचे वर्णन तिला करता येत नाही. म्हणजे सव्वीस दृश्यांची स्वामिनी स्वतःच सांगते की, जे वर्णनात उतरले ते छायेतील होय.

तिच्या अधिकाराचा प्रश्नही येथेच येतो. स्त्रीला शिकविण्याचा अधिकार नव्हता. दिसलेले सांगण्याचा मात्र असू शकत होता, पण त्यावर कोणाची तरी मुद्रा उमटावी लागे. ट्रियर येथे ११४७–४८ मध्ये पोप तिसरा यूजेनियस याच्यापुढे तिच्या लेखनाचे काही अंश वाचले गेले व त्याने अनुज्ञा दिली, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. या प्रसंगाच्या तपशिलाविषयी आधुनिक इतिहासकार साशंक आहेत. परंतु अशी कथा सांगण्याची गरज भासली यातच पुष्कळ काही आले. लिहून घेण्यास व लॅटिन व्याकरण तपासण्यास फोल्मार हा मठवासी होता. ११७३ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तो तिच्याबरोबर राहिला. तिची समकालीन शोनाउची एलिझाबेथ हिच्या बाबतीत लेखकाचा हात याहून खोलवर गेलेला दिसतो. तिचा भाऊ एकबेर्ट हा सुशिक्षित धर्मपंडित होता. तो दृश्ये लिहून घेई, इतकेच नव्हे, तर विद्वानांना अडलेले प्रश्न तो तिच्याकरवी स्वर्गाला विचारवीत असे. अशा ठिकाणी पाहणारी कोण आणि विचारणारा कोण यांची सीमारेषा आखणे कठीण होते.

याच दशकांत पॅरिसच्या वेशीवर, ११०८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट व्हिक्टर मठात, दुसरी वाट घडत होती. ह्यू (मृत्यू ११४१) याने विचार, मनन आणि ‘कॉन्तेम्प्लातिओ’ अशा मनोव्यापाराच्या पायऱ्या मांडल्या. त्या मठाच्या परंपरेतील रिचर्ड (मृत्यू ११७३) याने या मांडणीला जे रूप दिले ते मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहे. त्याच्या ‘लहान बेंजामिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात याकोबाच्या कुटुंबाची बायबलातील कथा मनाच्या रचनेचे रूपक म्हणून उलगडली आहे. लेआ ही भावना, राहेल ही बुद्धी. दोघींच्या दासी आहेत: लेआची दासी जिल्पा ही इंद्रियसंवेदना, आणि राहेलची दासी बिल्हा ही कल्पनाशक्ती. भय, शोक, आशा, प्रेम ही लेआची मुले प्रथम जन्मतात. बुद्धी बराच काळ वांझ राहते व आधी आपल्या दासीकरवी, म्हणजे प्रतिमांच्या द्वारे, मुले मिळविते. पुष्कळ काळाने तिला स्वतःला योसेफ होतो. हा योसेफ म्हणजे ‘डिस्क्रेतिओ’. आणि सर्वांत शेवटी बेंजामिन, म्हणजे प्रत्यक्ष चिंतनसमाधी, जन्माला येतो. पण त्याला जन्म देताना राहेल मरण पावते.

‘डिस्क्रेतिओ’ हा शब्द वेगळे करणे, निवडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ‘विवेक’ हा शब्द वि-उपसर्गपूर्वक विच्‌ धातूपासून येतो आणि त्याचाही अर्थ वेगळे करणे असाच आहे. परंपरागत काल मान्य केला तर रिचर्डच्या मृत्यूनंतर पंधराच वर्षांनी मुकुंदराज आपला ग्रंथ लिहीत होते. येथे प्रभावाचा प्रश्न संभवत नाही. पॅरिस आणि वैनगंगा यांना जोडणारा कोणताही धागा नाही, आणि तो शोधण्याचा खटाटोप व्यर्थ होय. साम्य आहे ते समस्येच्या घडणीत. दोन्हीकडे अंतिम अनुभूतीच्या आधी विवेकाला बसविले आहे, दोन्हीकडे प्रतिमेला दुय्यम स्थान दिले आहे. अखेरच्या क्षणी विवेकाचे कार्य संपते, ही जाणीवही दोन्हीकडे आहे. मात्र साम्य येथेच थांबते. मुकुंदराजांचा विवेक नित्य व अनित्य, द्रष्टा व दृश्य यांची निवड करतो; त्याचा विषय सत्ता हा आहे. रिचर्डचा योसेफ प्रामुख्याने भावांना आवरतो. भय किती असावे, शोक कोठे थांबावा, आत्मसंयमाचा अतिरेक केव्हा दोष बनतो, हे तो ठरवितो; त्याचा विषय आचरण व मनोव्यापार हा आहे. आणि राहेल मरते तेव्हा बुद्धीच्या जागी ईश्वरी कृपा येते, जीव ईश्वररूप होत नाही. वेदान्तात विवेक गळून पडतो तो द्वैतच उरत नाही म्हणून. हा फरक पुसून टाकणारी तुलना दोन्ही परंपरांवर अन्याय करते.

मग पाहण्याची, प्रतिमेची बाजू मराठीत कोठे आहे? त्यासाठीही भंडाऱ्याबाहेर जाण्याचे कारण नाही. रत्नपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात मांडलिक प्रदेशांच्या नामावळीत ‘भाणारा’ येते व ते भंडारा होय असे अभ्यासक मानतात. त्यानंतर सुमारे दीड शतकाच्या आत महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त हे गाव पुन्हा भेटते. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या काळात येथील निळभट भांडारेकार त्यांना भेटला आणि त्यांच्या मागे निघाला. चक्रधरांच्या आरंभीच्या अनुयायांत त्याची गणना होते. महानुभाव परिभाषेत ‘वेध’ आणि ‘बोध’ असे दोन शब्द आहेत. वेध सन्निधीने, दर्शनाने होतो. बोध वचनाने होतो. भांडारेकाराची कथा वेधाची आहे. त्याने युक्तिवाद ऐकून घर सोडले असे नाही. त्याने पाहिले आणि तो ओढला गेला. हे पाहणे हिल्डेगार्डच्या पाहण्यासारखेही नव्हे, कारण त्याचा विषय अंतरातील प्रतिमा नसून समोर चालणारा, बोलणारा मनुष्यदेहधारी परमेश्वर आहे. ऑगस्टीनच्या तीन कप्प्यांत ते नेमके बसत नाही. डोळे शरीराचे, परंतु जे कळले ते शरीरापलीकडचे.

अशा पाहण्याचे प्रामाण्य अर्थातच साक्षीदारावर अवलंबून राहते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना गाठून एकेक लीळा गोळा केली आणि सांगण्यात भेद पडला तेथे तो भेद नोंदविला. पुढे मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला; हिराइसा हिच्या नावाचा पाठ त्यांतलाच. महानुभावांच्या सांकेतिक लिपीमुळे हे वाङ्मय शतकानुशतके बाहेरच्यांना अगम्य राहिले. हरि नारायण नेने यांनी नागपुरात केलेले ‘लीळाचरित्रा’चे संपादन आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांच्या संपादनाने प्रसिद्ध झालेला एकत्रित ग्रंथ यांमुळे पाठभेदांचा अभ्यास शक्य झाला. ज्याने हे पाठभेद एकदा पाहिले आहेत त्याला हिल्डेगार्डच्या ग्रंथांचा इतिहास परका वाटणार नाही. ‘स्किविआस’ची रूपर्ट्सबर्ग मठातील चित्रांकित पोथी १९४५ च्या धामधुमीत नाहीशी झाली. आज तिची रंगीत चित्रे आपण पाहू शकतो ती आयबिंगेनच्या जोगिणींनी १९२७ ते १९३३ या काळात हाताने उतरून घेतलेल्या प्रतीमुळे. रंग पाहून निष्कर्ष काढणाऱ्याने आपण विसाव्या शतकातील प्रतिलिपी पाहत आहोत याचे भान ठेविले पाहिजे.

भाषेच्या प्रश्नावर एक रूढ समजूत तपासून पाहणे अवश्य आहे. लॅटिन ही विद्यापीठाची, तर्काची भाषा आणि लोकभाषा ही भक्तीची, साक्षात्काराची. संस्कृत व मराठी यांचेही नाते तसेच. असे समीकरण पाठ्यपुस्तकांतून वारंवार भेटते. ते आकर्षक आहे, परंतु पुराव्याशी जुळत नाही. हिल्डेगार्डची प्रखर दृश्ये लॅटिनमध्ये आहेत. उलट मार्गारेत पोरेत हिचा ग्रंथ जुन्या फ्रेंचमध्ये असूनही त्यात दृश्ये जवळजवळ नाहीत. त्यात आत्मा, प्रेम आणि बुद्धी यांचा काटेकोर संवाद आहे, आणि त्या संवादात बुद्धीला मृत्यू येतो. या ग्रंथापायी १ जून १३१० रोजी तिला पॅरिसमध्ये जाळण्यात आले. तिचे पुस्तक मात्र निनावी होऊन लॅटिनसह अन्य भाषांत फिरत राहिले. त्याची कर्ती ती होय हे १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी यांनी दाखवून दिले. मराठीकडे पाहावे तर ‘विवेकसिंधु’ हा शास्त्रीय पृथक्करणाचा ग्रंथ लोकभाषेत अवतरला आहे. केशिराजांनी सिद्धान्तग्रंथ संस्कृतात रचण्याचा विचार केला तेव्हा नागदेवाचार्यांनी, त्यामुळे आपल्या सामान्य वृद्ध स्त्रिया वंचित होतील, असे म्हणून त्यांना आवरले, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग सर्वपरिचित आहे. तेथे प्रश्न विचार की भावना असा नव्हता. विचार कोणापर्यंत पोचावा हा होता.

एकहार्टवरील कारवाईतही हाच प्रश्न आहे. पॅरिसमध्ये अध्यापन केलेला हा डोमिनिकन पंडित लॅटिनमध्ये भाष्ये लिही आणि जर्मनमध्ये प्रवचने करी. पोप बाविसावा जॉन याने २७ मार्च १३२९ रोजी, एकहार्टच्या मृत्यूनंतर, त्याच्या २८ विधानांवर आक्षेप घेणारी आज्ञा काढली. साध्याभोळ्या जनांपुढे त्याने हे सांगितले, ही तक्रार त्या आज्ञेतच आहे. विधाने मात्र लॅटिन व जर्मन अशा दोन्ही लेखनांतून घेतलेली होती. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी केवळ प्रवचनांवरून त्याला जर्मन आत्म्याचा उद्गाता बनविले. डेनिफ्ले याने १८८६ मध्ये त्याचे लॅटिन लेखन प्रकाशात आणले तेव्हा तो अ‍ॅरिस्टॉटल, इब्न सीना व मायमोनिडीस यांच्याशी वाद घालणारा शास्त्री आहे हे दिसून आले. अर्ध्या ग्रंथसंपदेवरून बांधलेले मत किती काळ टिकू शकते याचे हे उदाहरण आहे. मुकुंदराजांच्या भूमीत शिकणाऱ्याने ते विशेष लक्षात ठेवावे. घोड्याच्या रिकिबीची कथा ठाऊक आणि ग्रंथ न वाचलेला, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीही स्थिती पुष्कळदा असते.

शेवटी पारिभाषिक शब्दांचा व्यवहारी प्रश्न उरतो, आणि या विषयाच्या मराठी अध्यापनात तोच प्रथम सोडवावा लागेल. ऑगस्टीनच्या दुसऱ्या प्रकारच्या ‘व्हिसिओ’ला त्याने स्पिरितुस या शब्दावरून नाव दिले आहे, आणि त्याचे भाषांतर सर्रास ‘आध्यात्मिक दर्शन’ असे केले जाते. हे सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे, कारण तेथे स्पिरितुस म्हणजे प्रतिमा धारण करणारी, बुद्धीहून खालची मनःशक्ती. ‘मानस दर्शन’ किंवा ‘प्रतिमादर्शन’ हा शब्द योग्य होईल. तिसऱ्याला ‘बौद्धिक’ म्हटल्यास आजच्या मराठीत त्याचा अर्थ कोरडा तर्क असा होतो. तेथे ‘प्रज्ञादर्शन’ बरा. ‘डिस्क्रेतिओ’साठी ‘विवेक’ घ्यावा, मात्र तो वेदान्तातील नित्यानित्यविवेक नव्हे ही टीप प्रत्येक वेळी जोडावी. ‘कॉन्तेम्प्लातिओ’ला चिंतन तोकडे पडते आणि ध्यान योगशास्त्राकडे ओढते. ‘निदिध्यासन’ सर्वांत जवळचे; पण निदिध्यासन साधक करतो, आणि रिचर्डचा बेंजामिन तर राहेलच्या प्रयत्नाने जन्मूनही तिच्या हाती कधी लागत नाही. तूर्त तो शब्द देवनागरीत तसाच ठेवणे हिताचे.